गिटारच्या ध्वनिवर्धकास पेटी कोणत्या लाकडाची करावी?

आमच्या शाळेच्या दिवाणखान्यात पूर्वी पायपेटीवर गाणी म्हटली जात. पुढे पायपेटीच्या जोडीस तबला आला, आणि अलीकडे मुलांच्या हौसेमुळे विजेची गिटारही आली. ह्या गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र, म्हणजे ध्वनिवर्धक, एका माजी विद्यार्थ्याने शाळेस भेट दिले होते. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दिवाणखान्याच्या छपराची दोन कौले सरकली व पाण्याची धार नेमकी ह्या यंत्रावर दोन दिवस पडत राहिली. सुटी असल्यामुळे ती कोणाच्या ध्यानात आली नाही. सोमवारी पाहतो तो यंत्राची पेटी खालच्या बाजूस पोळीसारखी फुगली होती, कडा उकलल्या होत्या आणि बोट लावताच तिचा भुगा होऊन तो हातात येत होता. आतील यंत्र मात्र सुदैवाने वरच्या अंगास बसविलेले असल्यामुळे सुरक्षित राहिले. वाळवून व जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्यावर ते पूर्ववत चालू झाले. तेव्हा प्रश्न उरला तो केवळ पेटीचा. नवे यंत्र घेण्याइतके पैसे शाळेपाशी नव्हते. पेटीपुरते पैसे मुलांनी आपसांत जमविले. ते एकदा वाया गेले आणि दुसऱ्यांदा कामी आले. दोन्ही वेळांचा वृत्तांत येथे देण्याचे योजिले आहे, कारण लाकूड निवडण्याचा प्रसंग आज ना उद्या प्रत्येक घरावर येतोच, मग ते कपाट असो की पाळणा.

प्रथम पेटीचे काम काय, हे समजून घेतले पाहिजे. स्पीकरचा कागदी पडदा पुढे-मागे हलतो. तो पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, व त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून निघणारी लहर व मागून निघणारी लहर ह्या एकमेकींच्या उलट असतात. स्पीकर नुसता टेबलावर ठेवून वाजविला तर मागची लहर कडेने वळसा घालून पुढे येते व पुढच्या लहरीस मारून टाकते. खर्जाचे स्वर तर जवळजवळ नाहीसेच होतात. हा प्रयोग कोणाही विद्यार्थ्यास जुन्या रेडिओच्या स्पीकरवर करता येईल. एका मोठ्या पुठ्ठ्यास भोक पाडून स्पीकर त्यावर धरला की आवाज एकदम भरदार होतो. पेटी म्हणजे हा पुठ्ठाच, चार बाजूंनी मागे वळविलेला. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदास सुमारे ८२ कंपनांचा असतो. त्याची लहर हवेत ४ मीटरांहून थोडी अधिक लांब, म्हणजे पावणेचौदा फुटांच्या आसपास होते. इतकी लांब लहर दोन फुटांच्या पेटीभोवती सहज वळते. म्हणून पाठ उघडी असलेल्या पेटीत खर्ज थोडा हरवतो व आवाज चहूकडे पसरतो. पाठ पूर्ण बंद केली तर खर्ज राहतो व आवाज एका दिशेने नेटाने जातो.

आता लाकडाचा संबंध कोठे येतो? आपल्या मनात वाद्य आणि लाकूड ह्यांची सांगड अशी बसलेली आहे की, चांगले लाकूड म्हणजे गाणारे लाकूड. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी तुणीचे लाकूड व पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे निवडून घेतात, ह्यात काही नवल नाही. त्या वाद्यांत तार स्वतः फारच थोडी हवा हलविते व खरा आवाज तबली आणि भोपळा ह्यांच्या कंपनातून निघतो. (मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.) परंतु ध्वनिवर्धकाच्या पेटीचे तसे नाही. येथे आवाज करणारा पडदा आहे. लाकडाने त्यास फक्त घट्ट धरून ठेवावयाचे आहे. लाकूड आपले स्वतःचे गाणे म्हणू लागले तर ते गाण्यात ढवळाढवळच होय. असे असले तरी पेटीच्या फळ्या थोड्याफार थरथरतातच, आणि गिटारवाल्यांना त्या थरथरीची गोडी लागलेली आहे. पुढे जी दोन परदेशी उदाहरणे देत आहोत त्यांवरून हे ध्यानात येईल.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. १९४६ साली त्याने स्वतःच्या नावाने गिटारचे ध्वनिवर्धक करावयास आरंभ केला, तेव्हा पहिल्या पेट्या त्याने ओक, मेपल, अक्रोड अशा देखण्या कठीण लाकडांच्या केल्या. पण पुढे दोन-तीन वर्षांतच ते लाकूड सोडून तो साध्या पाइनवर आला, व त्यावर जाड कापड चिकटवू लागला. पेटीच्या चार बाजू पाइनच्या, कोपऱ्यांचे सांधे बोटांत बोटे गुंफावी तसे, आणि स्पीकर ज्यावर बसतो ती पुढची फळी पातळ प्लायवुडची, अशी त्याची रीत होती. दुसरे उदाहरण लंडनच्या जिम मार्शलचे. १९६० नंतरच्या दशकात त्याने चार-चार स्पीकरांच्या मोठ्या बंद पेट्या काढल्या, त्यांस बर्च लाकडाचे जाड प्लायवुड वापरले. बर्च म्हणजे आपल्या पोथ्यांतील भूर्जपत्र ज्या झाडाचे, त्याच्याच कुळातील उत्तरेकडचे झाड. त्याच्या १८ मिलिमीटर जाडीच्या फळीत १३ थर असतात, व आत पोकळी जवळजवळ नसते. पाइनची पेटी हलकी आणि थोडी बोलकी, बर्चची जड आणि अबोल. दोघांचेही चाहते जगभर आहेत व ते आपसांत भांडतात. त्या भांडणात पडण्याचे आम्हांस कारण नाही. आमच्या कानांना तर लाकडापेक्षा पाठ उघडी की बंद, ह्याचाच फरक अधिक जाणवला.

आमची पहिली चूक आता सांगितली पाहिजे. ज्या वर्षी छप्पर गळले त्याच वर्षी वैशाखातील वळवाच्या वादळात पटांगणातील जुना आंबा उन्मळून पडला होता. त्याच्या सावलीत कित्येक पिढ्यांनी डबे खाल्लेले. तेव्हा त्याच्याच लाकडाची पेटी करावी अशी कल्पना एका मुलाने मांडली आणि आम्हां शिक्षकांनाही ती फार आवडली. आंब्याचे लाकूड वाद्यांस वर्ज्य नाही. ढोलकीची खोडे आंब्याचीही होतात. जमविलेल्या पैशांतून ओंडके करवतीच्या गिरणीवर नेऊन फळ्या पाडल्या, चार महिने व्हरांड्यात ठेवल्या, आणि कार्तिकात पेटी तयार केली. पुढची रुंद फळीही तीन आंब्याच्या फळ्या सांधून केली, व चारी बाजूंनी सरसून सरस लावून आणि वर स्क्रू मारून ती पक्की जखडली. नाताळच्या कार्यक्रमात पेटी उत्तम वाजली. मार्चच्या मध्यास एके दुपारी, दिवाणखाना रिकामा असताना, पिस्तुलाचा बार व्हावा तसा आवाज झाला. पुढची फळी वरपासून खालपर्यंत उभी चिरली होती, आणि स्पीकरची कडही वाकली होती. पुढे महिनाभराने मागच्या बाजूस पिठासारखी बारीक भुकटी पडू लागली, तेव्हा किडाही लागला असल्याचे कळले.

नववीतील एका विद्यार्थ्याचे वडील सुतारकाम करतात. त्यांना बोलावून पेटी दाखविली. त्यांनी चिरेत नख घालून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हे लाकूड अजून जितं आहे. त्याला चारी बाजूंनी कोंडून घातलं, ते उसळी मारणारच." मग त्यांनी मुलांना समोर बसवून जे सांगितले ते असे.

झाड तोडल्यावर लाकडातील पाणी दोन टप्प्यांनी जाते. पोकळ्यांतील मोकळे पाणी लवकर निघून जाते व तोवर लाकडाचा आकार बदलत नाही. त्यानंतर तंतूंच्या भिंतींत मुरलेले पाणी हळूहळू निघू लागते, आणि तेव्हाच लाकूड आकसते. हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. रुंदीत ते भरपूर असते, आणि वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा सामान्यतः दुपटीच्या जवळपास असते. फळी खोडाच्या कडेने काढलेली असली तर ती वाडग्यासारखी वळते, ती ह्यामुळेच. एक इंच जाडीच्या फळीस सावलीत, खाली पट्ट्या घालून, वारा लागेल अशी वर्षभर ठेवावी, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. आम्ही चार महिन्यांत उरकले होते, आणि तेही पावसाळ्याचे.

ह्यात आपल्या जिल्ह्याच्या हवेचाही भाग आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या अंगाने सह्याद्रीची झाडी आहे. परंतु उरलेला जिल्हा पर्जन्यछायेत पडतो, आणि नगर शहरावर वर्षाकाठी २५ इंचही पाऊस सरासरीने पडत नाही. चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी होते की दारे चौकटीतून सैल होतात, आणि श्रावणात तीच दारे लागेनाशी होतात. लाकूड कितीही जुने झाले तरी हवेतील ओलाव्याबरोबर हे फुगणे-आकसणे चालूच राहते. म्हणून लाकूड न हलणारे शोधण्यापेक्षा, त्यास हलावयास वाट ठेवणे हे शहाणपणाचे. पेटीच्या चार बाजूंस, म्हणजे वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, जर लाकडाची रेष पेटीभोवती सलग फिरत ठेवली, तर चारही फळ्या खोलीच्या दिशेने एकदमच वाढतात व एकदमच कमी होतात. सांध्यांवर ताण येत नाही. पुढच्या फळीचे तसे नाही. ती चौकटीत आडवी बसते, तिची रुंदी घटू लागली आणि कडा जखडलेल्या असल्या की तिला फाटण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ती प्लायवुडचीच हवी. प्लायवुडात एका थराची रेष उभी व दुसऱ्याची आडवी असते, प्रत्येक थर शेजारच्याला हलू देत नाही, त्यामुळे फळी आहे तेवढीच राहते. फेंडरने बाजूंस पाइन व पुढे प्लायवुड घातले, त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला. आधी वाचले होते, पण त्यामागचे कारण विचारले नव्हते.

दुसऱ्या खेपेस लाकूड निवडताना घाई केली नाही. मुलांना घेऊन वखारी हिंडलो, वहीत नोंदी केल्या, आणि एक हिशेबही मांडला. तो गणिताच्या तासास उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. पेटी २४ इंच रुंद, २० इंच उंच व १० इंच खोल. पाठ अर्धी उघडी. वरची-खालची फळी मिळून ४८० चौरस इंच, दोन बाजू मिळून ४००, पुढची फळी ४८०, अर्धी पाठ २४०. एकूण १६०० चौरस इंच. सर्व फळ्या १८ मिलिमीटर जाड धरल्या तर लाकूड सुमारे ०.०१८६ घनमीटर लागते. घनमीटराचे वजन साग सुमारे ६५०, शिसव ८५०, बाभूळ ८००, पाइन ४५० किलो धरले (जातवान झाडातही हे आकडे कमीअधिक होतात), तर नुसती पेटी सागाची १२ किलो, शिसवीची जवळजवळ १६, बाभळीची १५, आणि पाइनची साडेआठ किलो भरते. लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली एम.डी.एफ. नावाची फळी घनमीटरास ७५० किलोच्या आसपास असते. तिची पेटी १४ किलो होईल. ह्यावर यंत्र व स्पीकर ह्यांचे वजन वेगळे. आणि ही पेटी उचलणार कोण, तर आठवी-नववीतील मुले, तीही जिन्याने. ह्या एका विचाराने निम्मी लाकडे वगळली गेली.

शिसव अशीही वगळलीच असती. हिंदुस्थानी शिसव गिटारच्या पाठीसाठी जगभर नावाजलेली आहे, आणि आपल्याकडे तबल्याच्या खोडास तिचा मान मोठा. पण २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले (तयार वाद्यांना २०१९ साली सूट मिळाली), ते ती कमी झाली म्हणूनच. असे लाकूड रेक्झीनखाली झाकून टाकणे आमच्या मनास पटेना. बाभूळ आपल्या शेतकऱ्याची सोबतीण. गाडीची चाके, कुळव, नांगर तिच्यावर चालले. तिची नार लोखंडाशी टक्कर घेते, परंतु सरळ, रुंद, न पिळवटलेली फळी तिच्यातून मिळणे कठीण. कडुनिंबास किडा सहसा लागत नाही, हा त्याचा गुण. मात्र त्याची रेष गुंतागुंतीची असल्यामुळे रंधा मारताना ती उपटून येते.

सागाविषयी मात्र बराच खल झाला. बल्लारशाच्या सागाची कीर्ती कोणास ठाऊक नाही? शिवाय शहरातील जुने वाडे पडत आहेत व त्यांच्या तुळया, खांब, दारे विकावयास येतात. असे लाकूड शे-दीडशे वर्षे वाळलेले. त्यात तेल असल्यामुळे वाळवी त्याच्या वाटेस जात नाही, आणि ओलाव्याने ते इतर लाकडांच्या मानाने फार थोडे हलते. मुले हट्टास पेटली होती. पण सुतारदादांनी तीन अडचणी दाखविल्या. एक, जुन्या तुळईत चुका-खिळे कोठे दडलेले असतील ह्याचा नेम नाही, आणि करवतीचे पाते एकदा त्यावर गेले की संपले. सागात बारीक वाळूसारखा अंश असतो तोही हत्याराची धार खातो. दोन, त्याच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही; सांधा जोडण्याच्या अगदी आधी ताजा रंधा मारावा लागतो. तिसरी किंमत. "साग घ्या, पण मग त्याला पॉलिश करून उघडा ठेवा. रेक्झीन लावणार असाल तर माझ्याच्यानं हे काम व्हायचं नाही," असे ते म्हणाले. वजनाचा हिशेब तर वर आहेच.

उरले पाइन. आपल्या बाजारात ह्यास सर्रास देवदारी म्हणतात. पूर्वी परदेशी मालाची खोकी ज्या फिकट, हलक्या फळ्यांची येत त्या सर्व देवदारी. हिमालयातील खरा देवदार निराळा, तो जड व सुगंधी. हे नाव ऐकून फसू नये. नगरच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत किंवा सुप्याकडे परदेशी यंत्रे येतात ती ह्याच लाकडाच्या खोक्यांतून, व ती खोकी मोडून फळ्या वखारीत विक्रीस येतात. अशा फळीवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह व काही अक्षरे डागलेली असतात. त्यांत एच.टी. अशी दोन अक्षरे असली तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णतेत निदान अर्धा तास ठेवून त्यातील कीड मारलेली आहे असे समजावे. एम.बी. अशी अक्षरे असली तर ते विषारी वायूने धुरी दिलेले. ते घेऊ नये, आणि त्याची चूल तर मुळीच पेटवू नये. पालकांपैकी कित्येकजण अशा फळ्यांच्या मांडण्या करतात, त्यांनी हे चिन्ह अवश्य पाहावे. एच.टी. म्हणजे वाळलेले, असा अर्थ मात्र नाही. त्यासाठी फळी हातात घेऊन तोलावी, टोकास टिचकी मारावी. वाळलेल्या फळीचा नाद मोकळा येतो, ओलीचा दबका. आम्ही ह्यावेळी फळ्या घेऊन आल्यावरही सहा महिने पट्ट्यांवर रचून ठेवल्या आणि दर पंधरवड्यास एक ठरावीक फळी तोलून वजन वहीत लिहिले. वजन घटावयाचे थांबले तेव्हाच रंधा हाती घेतला.

पाइनमध्ये गाठी फार. जिवंत गाठ, म्हणजे भोवतालच्या लाकडाशी एकजीव असलेली, असावयास हरकत नाही. काळे कडे असलेली मेलेली गाठ पुढे सुटते, व सुटली नाही तरी विशिष्ट स्वराबरोबर झणझणते. सांध्याच्या जागी तर कोणतीच गाठ येऊ देऊ नये. कोठे राळ पाझरत असली तर ती खरवडून वर लाखेचे पाणी द्यावे, नाहीतर उन्हाळ्यात ती रेक्झीनमधून डोकावते. खोक्याच्या फळ्या चार-चार इंचीच असल्यामुळे दहा इंच रुंदीसाठी तीन तीन जोडाव्या लागल्या. जोडताना एका फळीची वर्तुळे वर व दुसरीची खाली अशी उलटसुलट ठेवली, म्हणजे एकीचे वळण दुसरी सावरते.

प्लायवुड घेताना वखारवाल्याच्या शब्दावर विसंबू नये. नुसता ओलावा सोसणारे निराळे व उकळत्या पाण्यातही न उकलणारे निराळे. दुसऱ्याच्या पाठीवर आय.एस. ७१० असा शिक्का असतो, त्यास मरीन म्हणतात. आपल्याकडील पुष्कळसे प्लायवुड हरियाणातील यमुनानगरकडचे, आतून पॉपलर व निलगिरीचे असते. त्यात वाईट काही नाही. पॉपलर हलके असते हा उलट फायदाच. पण थरांमध्ये पोकळ्या राहिल्या असतील तर मोठ्या आवाजात त्या डबा वाजावा तशा वाजतात. म्हणून कापलेल्या चारही कडा उजेडात धरून पाहाव्या, आणि पालथ्या बोटाने फळीभर ठोकत जावे. जेथे आवाज पोकळ येईल तेथे पेन्सिलीने खूण करावी. आमच्या एका विद्यार्थ्याने अशा सात खुणा केल्यावर वखारवाल्याने आपण होऊन दुसरी फळी काढून दिली. आम्ही १२ मिलिमीटरची घेतली. पुढची फळी व अर्धी पाठ त्यातूनच निघाली.

कापताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बारा इंची स्पीकरास बारा इंचांचे भोक लागत नाही. ते सुमारे अकरा इंचांचे, त्या त्या स्पीकरची कड मोजून ठेवावे, नाहीतर स्पीकर बसावयास जागाच उरत नाही. स्पीकर लाकडी स्क्रूने न बसविता आरपार बोल्टाने, मागे दातेरी नट घालून बसविला, कारण प्लायवुडात स्क्रू एक-दोन वेळा काढघाल केली की झिजतात. यंत्रास तापल्यावर हवा लागते, म्हणून त्याच्या पाठीस जाळी ठेवली. आणि यंत्राचा लोखंडी सांगाडा जुन्या पेटीतून नव्यात बसविण्याचे काम मुलांच्या हाती दिले नाही. विजेची पिन काढल्यावरही आतील काही भागांत धक्का देण्याइतकी वीज राहू शकते, ती मोकळी करणे जाणत्याचे काम आहे.

सुतारदादांनी कोपऱ्यांचे सांधे शाळेतच, मधल्या सुटीत मुलांना जवळ बसवून, करवत आणि पटाशी ह्यांनीच कापले. नगरात सुतारकामाचे असे शिक्षण नवीन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे सर डी. एम. पेटिट ह्यांच्या नावाची औद्योगिक शाळा होती, व पुस्तकी विद्येबरोबर रंधाही मुलांच्या हाती दिला जात असे. सध्याच्या मुलांना गुण्या आणि खतावणी हातात धरावयासही शिकवावे लागले. ज्या मुलाचे ते वडील, तो आरंभी दूर उभा राहत असे. तिसऱ्या दिवशी तोच इतरांना रेष कशी पाहावी हे समजावून देऊ लागला.

पेटी पुरी झाल्यावर भाजीवाल्याच्या तराजूवर ठेवली, ती पावणेनऊ किलो भरली. मग खर्जाच्या तारेपासून एकेक स्वर सावकाश वाजवीत वर गेलो व कोठे झणझणते का ते ऐकले. एका स्वरावर झणझण झाली. पेटी उलटीपालटी करून पाहिली, सर्व बोल्ट आवळले, तरी ती जाईना. शेवटी ती पेटीत नव्हतीच, खिडकीच्या एका सैल काचेत होती.

चैत्रात पेटीची खोली गुण्या लावून मोजली व आतल्या बाजूस तारीख घालून लिहून ठेवली. श्रावणात पुन्हा मोजली तेव्हा ती अर्ध्या सुताने वाढली होती. सांधे घट्ट होते, पुढची फळी जागच्या जागी होती. पुढच्या चैत्राचे माप आता नववीतून दहावीत गेलेल्या मुलांनी घ्यावयाचे आहे. चिरलेल्या आंब्याच्या फळ्या फेकल्या नाहीत. किडका भाग काढून टाकून उरलेल्या व्हरांड्यात पट्ट्यांवर रचल्या आहेत, व त्यांचे वजनही त्याच वहीत लिहिले जात आहे.